त्या ऑफिसात कुणी काम करत नाही

माझा स्वभाव संशयी आहे हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला ते सांगायला नको. कुणी कारण नसताना गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. वाण्यानं न मागता मूठभर शेंगदाणे जास्त टाकले, तर मी घरी येऊन पुडीच्या तळाचे शेंगदाणे तपासते. आणि एखाद्या कादंबरीबद्दल कुणी "तुमचं मत काय?" असं विचारलं, तर मी आधी विचारणाऱ्याकडे नीट बघून घेते. याला कारण आहे. एका कादंबरीवर मी एकदा मत दिलं होतं, नवी साडी नेसून, पोह्यांच्या बशा समोर असताना. त्या मतावर माझी नोकरी राहणार की जाणार हे ठरणार होतं.

तेव्हा आम्ही गिरगावात राहत होतो. चाळीतल्या दोन खोल्या, पुढे सामायिक गॅलरी, घरात आई, बाबा आणि मी. मुंबई कोणाची हा प्रश्न त्या दिवसांत नळावर, पानाच्या गादीवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे निघायचा. बाबा गोदीतल्या एका कचेरीतून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना त्यांनी साहेबापुढे कधी ब्र काढला नाही, पण आता रोज संध्याकाळी चौपाटीवरच्या सभेला जायचे आणि घसा बसवून परत यायचे. मग आई त्यांना हळद-दूध द्यायची, आणि ते खुणेनंच सभेत काय झालं ते सांगायचे.

मी फोर्टात एका खासगी कंपनीत टायपिस्ट होते. मॅट्रिकनंतर टायपिंगच्या क्लासला जायला बाबांनीच परवानगी दिली होती, आणि नोकरी लागली तेव्हा चाळीत पेढे त्यांनीच वाटले. "आमची मुलगी फोर्टात जाते," हे वाक्य ते जिन्यात उभे राहून, वरच्या मजल्यावर पोचेल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. आईनं माझ्यासाठी डबा घेतला, झाकण घट्ट बसतं की नाही ते पाणी भरून बघितलं, आणि कामाला लागली.

आईला एकच व्यसन होतं, वाचनाचं. कोपऱ्यावरच्या वाचनालयातून ती एका वेळी दोन पुस्तकं आणायची, एक पोथीवजा आणि एक कादंबरी. घरी आणल्या आणल्या दोन्ही पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालायची, म्हणजे हळदीचे डाग लागायला नकोत आणि शेजारणीला नाव दिसायलाही नको. खूण म्हणून केसातला आकडा ठेवायची. शिवाय छपाईची चूक तिला अजिबात सहन व्हायची नाही. फोडणी करपली तरी चालेल, पण ती पेन्सिल शोधून समासात चूक दुरुस्त करणार. आम्ही तिची थट्टा करायचो की प्रकाशकानं तुला पगार द्यायला हवा.

एका पावसाळ्यानंतर आईचं माझ्याशी वागणं बदललं. मी संध्याकाळी घरी आले की ती दारात उभी असायची. हातातली पर्स घ्यायची, पण डोळे माझ्या तोंडावर. कपाळापासून हनुवटीपर्यंत अशी नजर फिरवायची, की मला वाटायचं माझी झडती चालली आहे. मग स्वयंपाकघरात गेल्यावर प्रश्न सुरू व्हायचे, आणि तेही कणीक मळता मळता, माझ्याकडे पाठ करून.

"तुमच्या ऑफिसात जुन्या फायलींची वेगळी खोली असते का गं?"

"असते."

"तिथे दिवा असतो?"

"असतो. पण तो लागत नाही. कितीदा सांगितलं तरी कुणी दुरुस्त करत नाही."

कणकेवरचा हात थांबला. मला कळेना, आमच्या ऑफिसातल्या दिव्याशी हिला काय करायचंय. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, साहेबाचं वय काय. तिसऱ्या दिवशी, साहेब मजकूर सांगतो तेव्हा दार उघडं असतं की लोटलेलं. कुठंतरी पाणी मुरत होतं, पण कुठं ते सापडत नव्हतं. मला वाटलं, चाळीतल्या कुणीतरी कान भरले. मी एकेका शेजारणीवर संशय घेतला आणि एकीशी तर उगाच आठवडाभर बोलले नाही.

त्यातच ते लाल नख आलं. सायक्लोस्टाइलच्या मशीनवर शेकडो प्रती काढायच्या असल्या की मेणासारख्या कागदावर टाइप करावं लागायचं. त्याला स्टेन्सिल म्हणायचे. त्यावर चूक झाली तर खोडरबर चालत नाही, बाटलीतलं एक लाल औषध इवल्याशा ब्रशनं लावायचं, फुंकर घालून वाळवायचं आणि वरून पुन्हा अक्षर मारायचं. त्या दिवशी घाईत ते माझ्या बोटाला आणि नखाला लागलं. वासही असा, की कुणालाही नखरंगच वाटावा.

"हे काय लावलंस?" आईनं दारातच माझा हात धरला.

"चुकीवरचं औषध आहे ते."

"कसल्या चुकीवरचं?" आई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा पांढरा पडला की मी हसायचं विसरले. नंतर तिनं रॉकेलच्या बोळ्यानं माझं नख घासून घासून साफ केलं. मी स्टेन्सिल म्हणजे काय ते पुन्हा पुन्हा समजावलं. ती हो हो म्हणत राहिली, आणि तिनं एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही.

उलगडा झाला तो तांदळाच्या डब्यामुळे. रविवारी मी डबा पुसायला घेतला तर त्याच्याखाली पुस्तक. वर्तमानपत्राचं कव्हर, आत आकडा, जवळजवळ शेवटाकडे ठेवलेला. मी पहिलं पान उघडलं आणि माळ्यावर जाऊन बसले.

त्या कादंबरीचं नाव मी सांगणार नाही. तेव्हा गिरगाव-दादरमधल्या बायकांनी ती हातोहात वाचली होती, एवढं पुरे. एक गरीब, सुंदर टायपिस्ट. एक तरुण, अविवाहित, दुःखी साहेब. दोघांमध्ये जुन्या फायलींची एक अंधारी खोली. टायपिस्टची नखं लालचुटूक, आणि ती टाइपरायटरवर "नाचत" असतात. तिच्या केसात रोज ताजा गजरा. हरताळाच्या दिवशी साहेब तिला मोटारीतून घरी सोडतो, आणि तिची भोळी आई दारात त्याला चहा देते. म्हणजे त्या दिव्याचा, दाराचा आणि नखाचा उगम इथे होता. मला इतका राग आला की मी माळ्यावर उठून उभी राहिले आणि डोकं छताला आपटून घेतलं.

तरी मी ती सगळी वाचली. रागानं वाचलेलं पुस्तक लक्षात फार राहतं. माझा पहिला संशय लेखिकेवरच होता. वर नाव बाईचं होतं, पण आत बाई नव्हती. सबंध कादंबरीत त्या टायपिस्टला एकदाही बाथरूम कुठे आहे हा प्रश्न पडत नाही. आमच्या ऑफिसात बायकांसाठी सोयच नव्हती. आम्हाला शेजारच्या इमारतीत, तिथल्या पहारेकऱ्याची मनधरणी करून जावं लागायचं, आणि म्हणून आम्ही दुपारपर्यंत पाणी प्यायचो नाही. ज्या बाईनं चार दिवस नोकरी केली असेल ती हे विसरणार नाही.

दुसरं म्हणजे, त्या ऑफिसात कुणी काम करत नाही. टायपिस्ट खिडकीतून समुद्र बघते. साहेब टायपिस्टकडे बघतो. कारकून दोघांकडे बघतात. ती कंपनी काय विकते ते शेवटपर्यंत कळत नाही. आमचा साहेब डोळे मिटून मजकूर सांगायचा, अर्ध्या वाक्यावर त्याला पित्ताची ढेकर यायची, आणि ती संपेपर्यंत आम्ही पेन्सिल वर धरून थांबायचो. त्याच्यावर कुणाचं प्रेम बसायचं तर त्याच्या बायकोचंच, आणि तेही तिला अवघड जात असावं.

मी आईला काही बोलले नाही. बोलले असते तर चोरून वाचल्याचं कबूल करावं लागलं असतं, आणि तिलाही. म्हणून एकाच पुस्तकावरून दोघी एकमेकींवर पहारा करत राहिलो. पुस्तक मी होतं तसं, आकड्यासकट, डब्याखाली ठेवलं.

मग तो हरताळाचा दिवस आला. सकाळी ट्रामगाड्या सुरू होत्या, दुपारी बंद पडल्या. रस्त्यावर मोर्चा, घोषणा, धावपळ, आणि लांबून अश्रुधुराचा वास. ऑफिस बंद करायचा हुकूम निघाला. साहेब सगळ्यांत आधी, आपल्या मोटारीतून, एकटा निघून गेला. आम्ही तिघी बायका जिन्यात उभ्या. शेवटी लालबागचा एक कारकून पुढे झाला. त्याचे वडील गिरणीत होते, घर मूळचं कोकणातलं, आणि ऑफिसात त्याची-माझी बोलाचाली म्हणजे "स्टेन्सिल झालं काय?" आणि "झालं" एवढीच. त्यानं आम्हाला आपापले रुमाल भिजवायला लावले आणि गल्ल्यागल्ल्यांतून धोबीतलावापर्यंत आणलं. दोघींना त्यांच्या त्यांच्या दारात सोडलं. मी शेवटची.

आमच्या चाळीच्या जिन्यावर आई उभीच होती. तो दोन पायऱ्या खाली थांबला, घामानं भिजलेला, आणि म्हणाला, "काकी, मुलगी आणली हां सुखरूप. घाबरू नका, काय एक झाला नाय."

"बरं," आई म्हणाली. तिनं मला आत ओढलं आणि अर्धं दार लोटलं. तो क्षणभर घुटमळला असावा, कारण त्याची पावलं जराशी उशिरा वाजली.

आत आल्यावर आईनं मला लागलं का, धूर डोळ्यात गेला का, यातलं काही विचारलं नाही.

"कोण तो?"

"ऑफिसातला कारकून."

"लग्न झालंय त्याचं?"

"मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

विचारलं असतं तरी मी मेले होते, आणि नाही विचारलं म्हणूनही मेले. मला रडूच आलं. त्या माणसाचं घर उलट्या दिशेला, लालबाग-परळकडे तर जास्तच पेटलेलं, आणि तो आमच्यासाठी एवढं चालून आला. त्याला पेलाभर पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. संध्याकाळी तिकडे गोळीबार झाल्याची बातमी चाळीत आली तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, आणि आई माझ्याकडे बघत राहिली. माझी काळजी तिला भलत्याच गोष्टीचा पुरावा वाटत होती. ऑफिस पुन्हा उघडलं तेव्हा तो जागेवर होता. भायखळ्याला मावशीकडे अडकून पडलो होतो, म्हणाला, आणि स्टेन्सिल मागितलं.

बाबांपर्यंत हे प्रकरण पोचलं ते त्या कव्हरामुळे. आईनं त्या कादंबरीला घातलेल्या कागदावर नेमकी सीमाभागातल्या सभेची ठळक बातमी होती. बाबांना वाटलं, चळवळीवरचं पुस्तक आहे. ते मोठ्या आदरानं घेऊन खुर्चीत बसले, चष्मा पुसला, आणि मध्येच कुठेतरी उघडून वाचू लागले. नेमकी ती फायलींची खोली आली असणार. ते उभे राहिले. उभ्या उभ्या आणखी दहा-बारा पानं वाचली, मग पुस्तक मिटलं.

"ऑफिसात हे असलं चालतं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही सबंध आयुष्य ऑफिसात काढलंत. तुम्हीच सांगा काय चालतं ते."

"आमच्या वेळी बायका नव्हत्या."

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं ऑफिस, त्यातला चहा, चुना आणि चुगल्या, हे सगळं त्यांनी एका कादंबरीपायी खोटं ठरवलं. त्या दिवसापासून जिन्यात उभं राहून फोर्टाचं नाव घेणं बंद झालं. आणि महिन्याभरात माझ्यासाठी दादरचं स्थळ आलं.

स्थळ चांगलं होतं, त्यात खोट काढता येणार नाही. मुलगा बँकेत, दिसायला नीटस, घरात आई-वडील आणि तो. पत्रिका जुळली होती. बाबांनी मला आधीच बजावलं, "नोकरीचं विचारलं तर सांगायचं, वेळ जावा म्हणून करते." मी मान हलवली. पण खरी भीती मला लग्नाची नव्हती. लग्न कधीतरी करायचंच होतं. सकाळी टाइपरायटरवरचं कव्हर काढायचं, कागद सरळ लावायचा, आणि दुपारी बिनचूक कागदांचा गठ्ठा साहेबापुढे ठेवायचा, हे माझं होतं. घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं, ट्रंकसुद्धा आईची होती. ते काम कुणीतरी न विचारता काढून घेणार, याची मला भीती होती, आणि सगळे इतक्या गोडीनं वागत होते की ती खात्रीच होत चालली होती.

मुलाची आई जाड भिंगांचा चष्मा लावणारी, ठेंगणी, शांत बाई होती. तिनं पोह्यांना नावं ठेवली नाहीत, माझ्या उंचीबद्दल विचारलं नाही, गाणं म्हणायला सांगितलं नाही. मी लगेच सावध झाले.

"वाचनाची आवड आहे का गं?" तिनं विचारलं.

"आहे."

"मग ती नवी कादंबरी वाचली असशील. टायपिस्टची. आमच्या दादरला वाचनालयात नंबर लावावा लागतो तिच्यासाठी."

बाबांनी घसा खाकरला. स्वयंपाकघराच्या दारामागे आईच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या. मला सापळा स्पष्ट दिसत होता. वाचली नाही म्हणावं तर खोटं, आणि खोटं माझ्या तोंडावर दिसतं. वाचली म्हणावं तर असली पुस्तकं वाचणारी मुलगी. आवडली म्हटलं तर ऑफिसात माझंही काहीतरी असणार. नाही आवडली म्हटलं तर ढोंगी. इकडे आड तिकडे विहीर.

"वाचली," मी म्हटलं.

"मग मत काय तुझं?"

"त्या ऑफिसात कुणी काम करत नाही."

मुलगा हसला. अगदी खळखळून नाही, पण हसला, आणि वडिलांनी बघितल्यावर बशीत बघू लागला. बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "ते असू दे. शेवट गोड आहे की नाही?"

"मला नाही आवडला."

"का गं? लग्न होतं की दोघांचं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. बाबांचे डोळे मला तेच सांगत होते. पण ती कादंबरी इतके दिवस माझ्या डोक्यात सडत होती, आणि पहिल्यांदाच कुणीतरी मला तिच्याबद्दल सरळ विचारलं होतं.

"लग्न होतं ते ठीक आहे," मी म्हटलं. "पण ती नोकरी सोडते. तिला कुणी सोड म्हणत नाही, कुणी अडवत नाही, विचारतही नाही. इतके दिवस ज्या टाइपरायटरवर बसली, त्याच्यावर कव्हरसुद्धा न घालता उठून जाते. मला तिचाच संशय येतो. तिला तिथलं काहीच आवडत नव्हतं का?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे तू लग्नानंतर नोकरी सोडणार नाहीस."

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि सुपारीचं तबक पुढे ओढलं. मग दादरच्या पाण्याबद्दल बोलणं झालं, भाज्यांच्या भावाबद्दल झालं, आणि सगळे हसतमुखानं जिना उतरून गेले. त्या बाईंनी तो प्रश्न मला पकडायला विचारला होता की त्यांना खरंच माझं मत हवं होतं, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

चार दिवसांनी निरोप आला की पत्रिकेत दोष निघाला. जुळलेल्या पत्रिकेत दोष कसा निघतो हे मी विचारलं नाही. बाबा मात्र भडकले. "तिला त्या कादंबरीवर भाषण कुणी मागितलं होतं?"

"त्यांनीच मागितलं होतं," मी म्हटलं.

"पुरे झालं. सोमवारी राजीनामा द्यायचा." राजीनाम्याचे दिवसच होते ते. चळवळीसाठी कुणी राजीनामा दिला की बाबा सभेत टाळ्या वाजवायचे, आणि त्याच तोंडानं त्यांनी माझाही मागितला. मुंबई आम्हाला न विचारता कुणाला देता येणार नाही, असं रोज ओरडून येणारा माणूस मला न विचारता माझी नोकरी देऊन मोकळा झाला. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी कानावर हात ठेवले. रविवारभर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवले नाही. आई येऊन ताट ठेवून गेली आणि नंतर तसंच उचलून घेऊन गेली.

सोमवारी सकाळी मी आवरून स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर दोन डबे होते.

"हा दुसरा कुणाचा?"

"त्या लालबागच्या मुलाला दे. नारळाच्या वड्या आहेत. त्या दिवशी पाणीसुद्धा विचारलं नाही मी त्याला."

"आज मी राजीनामा द्यायला चाललेय, वड्या वाटायला नाही."

"द्यायचा नाहीये," आई म्हणाली. आवाज नेहमीचाच, पण मधलं दार सताड उघडं होतं आणि पलीकडे बाबा वर्तमानपत्र वाचत होते. तिला ते ऐकू जायलाच हवं होतं. "त्या बाईला तू जे सांगितलंस ते मी दारामागून ऐकलं. मी ते पुस्तक पुरं केलं नाही. ती मुलगी उठून निघाली ना, तिथे आकडा घातला आणि डब्याखाली ठेवून दिलं."

"का?"

"मीही तशीच निघाले होते म्हणून."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं, पोळ्यांवर फडकं टाकता टाकता, जणू काल कोणती भाजी केली ते सांगावं तसं. लग्नाआधी ती गिरगावातच मुलींच्या शाळेत लहान वर्गांना शिकवत होती. एक वर्षही पुरं झालं नव्हतं. लग्न ठरलं आणि तिनं शाळा सोडली. "मला कुणी सोड म्हटलं नाही. विचारायचंच नसतं, असं होतं तेव्हा. फळ्यावरचं गणितसुद्धा पुसलं नव्हतं मी." पेन्सिल घेऊन छपाईच्या चुका दुरुस्त करणारी माझी आई. इतकी वर्षं आम्ही तिला हसलो आणि तिनं आम्हाला हसू दिलं.

"मग तूच माझ्यावर संशय घेतलास?" मी म्हटलं. मला तिची दया यायला हवी होती, पण आधी रागच आला. "तुला माहीत असून?"

"माहीत होतं म्हणूनच." ती आता माझ्याकडे वळली. "तू संध्याकाळी जिना चढून येतेस ना, दमलेली असतेस, बोटं कार्बननं निळी झालेली असतात. पण तुझ्या तोंडावर काहीतरी असतं. मी रोज बघायचे. मला वाटलं, एवढं सुख मुलीच्या तोंडावर येतं ते कुणी माणूस असल्याशिवाय नाही. त्या कादंबरीत तसंच लिहिलंय. मी शोधत होते कोण आहे तो. तू त्या बाईला म्हणालीस, तिला तिथलं काहीच आवडत नव्हतं का, तेव्हा मला आठवलं. शाळेतून घरी यायचे तेव्हा माझी आई मला म्हणायची, आज कसली गं एवढी खूश?"

पलीकडे वर्तमानपत्र मघापासून वाजलं नव्हतं. "ते वेगळं होतं," बाबा तिकडून म्हणाले.

"काय वेगळं होतं?" आईनं विचारलं. माझ्या आठवणीत तिनं त्यांना असा प्रश्न पहिल्यांदाच केला. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, खरोखरच वाट बघत, हातात उलथनं धरून.

मग पान उलटल्याचा आवाज आला. "चहा मिळेल का अर्धा कप?" बाबा म्हणाले. आमच्या घरात याचा अर्थ विषय संपला असा होता. राजीनाम्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मी दोन्ही डबे घेऊन निघाले. लालबागच्या कारकुनानं वड्या घेतल्या, आणि "ह्या कित्या?", म्हणजे हे कशाला, असं विचारून माझ्याकडे इतक्या संशयानं बघितलं की मला बरं वाटलं. पुढे त्याचं लग्न गावच्या मुलीशी झालं आणि आम्ही सगळे लालबागला जेवून आलो. आई आली होती, तिनं त्याच्या आईला दोनदा वाकून नमस्कार केला.

त्या सोमवारी स्टेन्सिलचं काम फार होतं. निघताना मी टाइपरायटरवर कव्हर घातलं आणि चारी कडा नीट खाली ओढल्या. घरी पोचायला दिवेलागण झाली. जिना चढताना वर बघितलं तर आई नेहमीसारखी दारात उभी होती, डोळे माझ्या तोंडावर लावून. गेले कित्येक महिने मी त्या शेवटच्या पायऱ्यांवर मान खाली घालायचे, तोंड आंबट करायचे, तिच्या हाती काही लागू नये म्हणून. त्या दिवशी मी मान वर ठेवली आणि तिला हवं तेवढं बघू दिलं.